आ करा

४ ऑक्टोबर

आज मी एका अंधाऱ्या खोलीत, परक्या लोकांदेखत, एका बाईवर मराठीतून ओरडले. बाई पडद्यावरची होती, एवढंच!

वाऱ्याने छत्री उलटी केली म्हणून समोर दिसलं त्या दारात शिरले. जुनं गॅरेज, आता तिथे चित्रांचं दालन. आत भिंतभर पडदा. एक बाई धुरकट काच पुसते. काच स्वच्छ झाली की तिचा चेहरा दिसतो. मग ती स्वतःच काचेवर श्वास सोडते – पुन्हा धुरकट. पुन्हा पुसते. बस्स! आधी हसू आलं. मग राग आला. मग पाय निघेना. शेवटी तोंडातून गेलंच – "अगं, पुसतेस तर मग फुंकतेस कशाला!"

दारातला रखवालदार हसला. इथल्या भाषेत म्हणाला, उद्या या, उद्या थांबते का बघू.

पेशंटच्या तोंडात छोटा आरसा घातला की तोही असाच धुरकट व्हायचा. कधीपासून आठवला नव्हता तो आरसा.

५ ऑक्टोबर

गेले. नाही थांबली.

११ ऑक्टोबर

नवऱ्याला सांगितलं. म्हणाला, "याला कला म्हणतात? आपल्या खिडक्या पूस की, घरबसल्या बघायला मिळेल." आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसला.

खिडक्या पुसल्या नाहीत. मुद्दाम!

तसा वाईट नाही तो. पण ऑफिसातल्या कुणाच्या घरी गेलो की ओळख करून देतो – "ही घरीच असते." मी दातांची डॉक्टर आहे हे सांगायला त्याची जीभ वळत नाही. माझी भारतातली डिग्री इथे चालत नाही हे खरं. इथल्या भाषेत सगळ्या परीक्षा पुन्हा द्याव्या लागतील. म्हणून काय मी डॉक्टर नाही? घरी असलेली बाई घरचीच होऊन जाते का?

२ नोव्हेंबर

पहिलं नाटक! दुकानाखालचं तळघर, लाकडी बाकडी, नट इतके जवळ की त्यांच्या दाढांमधलं सिमेंट दिसावं. भाषा निम्मी डोक्यावरून गेली. बहीण-भाऊ, मेलेल्या बापाचा एक कोट. दोघं एकेक बाही धरून ओढतात. आणि मग शिवण उसवते – टर्रर! संपलं. अंगावर काटा आला.

शेजारचा गृहस्थ बायकोला म्हणाला, काहीतरीच. मी त्याच्या कानाशी जोरजोरात टाळ्या वाजवल्या.

१६ नोव्हेंबर

सासूबाईंचा फोन. निवृत्त मुख्याध्यापिका. साधं 'हॅलो' म्हणाल्या तरी मी उभी राहते.

"ऐकलं, तिकडे नाटकं चालली आहेत म्हणे तुझी!"

"बघते, आई. करत नाही."

"बघता बघता करायला लागतात गं."

नवऱ्याने कळवलं असणार. कळवू दे! परवा पुन्हा नाटकाला जाणार आहे. त्याच्या साहेबांकडे जेवण आहे त्याच संध्याकाळी. जेवण रोजच असतं.

१७ नोव्हेंबर

अबोला.

१८ नोव्हेंबर

नाटकालाच गेले. अबोला चालू. किती शांत वाटतंय घरात!

३० नोव्हेंबर

त्या तळघराची दिग्दर्शिका – मी मनात तिला बॉबकट म्हणते – प्रयोगानंतर हात धरून बाजूला घेऊन गेली. बाहेरून इथे राहायला आलेल्या माणसांचा एक प्रयोग करतेय. प्रत्येकाने आपल्या भाषेत बोलायचं. भाषांतर नाही, काही नाही.

म्हटलं, मी दाताची डॉक्टर, नटी नव्हे.

ती म्हणाली, "मग तुमच्यासाठी एक खुर्ची ठेवते."

७ डिसेंबर

पहिली तालीम. साधी लाकडी खुर्ची, मागे कलती केली. समोर कुणी नाही. बॉबकट म्हणाली, सुरू करा. काय सुरू करा? मग आपोआप तोंडातून आलं – "आ करा."

आणि सुटलेच! पेशंटचं तोंड उघडं असलं की त्याला उलट बोलता येत नाही, नुसतं अं-अं. या लोकांचंही तसंच – माझा एक शब्द कळत नाही, तर उत्तर कसलं देणार? म्हणून सगळं बोलले. दवाखाना बंद केला तो दिवस. माझी खुर्ची गोधडीत गुंडाळून हमालांनी जिन्याने खाली नेली. नवरा सारखा म्हणत होता, "सांभाळून, सांभाळून." हमालांना. मला नाही.

आणि त्याच संध्याकाळचा सासूबाईंचा फोन – "नवऱ्याबरोबर जायचं, त्यात एवढं रडायचं काय? दवाखान्याची हौस होती, झाली ना पुरी?" त्यांचा आवाजही काढला, हुबेहूब, फळ्यावर छडी आपटल्यासारखा. हौस! सकाळपासून वाकून वाकून मान गेली माझी, ती हौस!

बॉबकटला काडीचं कळलं नाही आणि ती हसून हसून रडली.

घरी चालत आले. काय हलकं वाटत होतं!

२० डिसेंबर

सासूबाई येणार! जानेवारीत. नेमक्या प्रयोगाच्या वेळी!

म्हणजे नवरा सोडला तर त्या अख्ख्या तळघरात मराठी कळणारं एक माणूस असणार. तेही नेमकं हे!

२१ डिसेंबर

त्यांना घरीच ठेवू असं ठरवलं. मग स्वतःचाच राग आला. लपवून करायला मी काय चोरी करतेय?

२८ डिसेंबर

नवऱ्याला सगळं म्हणून दाखवलं. हमालांपाशी तो मान खाली घालून हसला. बरं वाटलं. पण फोनचं वाक्य आलं आणि चेहराच उतरला.

"ते काढ."

"का?"

"आईला लागेल."

"मला लागलं होतं, त्याचं काय?"

"बाकी काय वाटेल ते बोल गं. माझ्याबद्दल बोल. पण तेवढं फोनचं काढ."

इतका हळवा आईसाठी! एरवी तिचा फोन आला की टीव्हीचा आवाज वाढवतो.

काढणार नाही. एक शब्द नाही!

९ जानेवारी

आल्या. बॅग उघडायच्या आधी – "खिडक्या का अशा?"

"तशाच ठेवल्यात, आई."

माझ्याकडे बघितलं. मग बॅग उघडली.

१४ जानेवारी

नवऱ्याने आईला परस्पर सांगितलं, तिथे थंडी असते, बाकडी कडक आहेत, तू नको जाऊस. सासूबाई म्हणाल्या, "शाळेत काय मी सोफ्यावर बसत होते?"

मी शेवटी सांगून टाकलं. "आई, त्यात तुम्ही आहात. चांगल्या नाही आहात."

"स्पष्ट ऐकू येईल असं बोल म्हणजे झालं."

१७ जानेवारी, प्रयोगाहून आल्यावर

झाला!

नवरा आला नाही. मीटिंग म्हणे.

तिसऱ्या बाकावर पांढरी शाल. दुसरं काही दिसेचना. हमालांपर्यंत आले. मग ते वाक्य. क्षणभर वाटलं, गाळावं, कुणाला कळणार आहे? मग मीच मला म्हटलं, आ कर! आणि ठणठणीत म्हटलं. त्यांच्याच आवाजात, त्यांच्याकडे बघून. लोक नुसत्या सुरावर हसले. शाल हलली नाही.

टाळ्या. बॉबकटने मिठी मारली. मी रडले बहुतेक.

घराच्या दारापाशी सासूबाई एवढंच म्हणाल्या, "खुर्ची डुगडुगते. सांग त्यांना."

बोलल्या नाहीत तरी चालेल. मी बोलले!

१८ जानेवारी

चहाचा कप बाजूला सारून आई म्हणाल्या, "ते फोनवरचं. बोलले मीच, नाही म्हणत नाही. पण शब्द माझे नव्हते. यानेच आधी फोन करून पढवलं होतं – तू सांगितलंस तर ती ऐकेल."

नवरा दारात. एक बूट पायात, एक हातात.

"आज परत आहे ना तुझा प्रयोग?" आई म्हणाल्या. "हा येतोय. मी याच्या शेजारी बसणार आहे."

तालीम करायला हवी. ते वाक्य आज त्याच्या आवाजात म्हणायचंय.