चौथा रकाना

गुरुजी, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली आणि आज तुमच्याशी भांडायला एक मुद्दा सापडलाय. सापडला तोही रियाधमध्ये, ओलाया भागातल्या आमच्या ऑफिसच्या अकराव्या मजल्यावर, एका सौदी बाईंकडून. तुम्ही असतात तर चष्मा पुसून म्हणाला असतात, "बरं, पूर्वपक्ष मांड." मांडतो.

इथे हल्ली सौदीकरण जोरात आहे. परदेशी माणसाच्या खुर्चीत इथल्या माणसाला बसवायचं, आणि बसवण्याआधी शिकवायचं त्या परदेशी माणसानंच. माझी खुर्ची ज्यांना मिळायची त्या पस्तिशीच्या बाई रसायन अभियांत्रिकी शिकलेल्या, सुट्टीच्या दिवशी तत्त्वज्ञानाच्या वाचनमंडळात जाणाऱ्या. कारखान्यातल्या अपघाताची चौकशी कशी करायची ते मी त्यांना आठ महिने शिकवतोय. त्या तयार झाल्या असा शेरा मी दिला की माझा इकामा, म्हणजे इथं राहण्याचा परवाना, संपला, आणि आम्ही उभयता नाशिकला. म्हणून मागच्या अहवालात मी लिहिलं होतं, "आणखी सहा महिने लागतील."

परवा त्यांना चौकशीचा तक्ता समजावत होतो. कारण चारांपैकी एका रकान्यात घालायचं: निसर्ग, यंत्र, माणसाची चूक, जाणूनबुजून केलेला नियमभंग. त्या एकदम हसल्या. "उस्ताद, हे तर अठराव्या शतकातलं भांडण!" आणि कहवा गार होईपर्यंत बोलत राहिल्या. युरोपातलं एक मोठं बंदर भूकंपात कोसळलं, पाळण्यातली पोरंही गेली. ही शिक्षा कुणाच्या पापाची, असा तिथल्या विचारवंतांना प्रश्न पडला. त्यातून काहींनी वाटणीच केली: भूकंपाला दुष्ट म्हणू नका, दुष्टपणा फक्त माणसाच्या इच्छेत. बऱ्याच जणांना वाटलं, ज्ञान वाढलं की तोही जाईल. पण शतक सरता सरता एक जर्मन प्राध्यापक म्हणाला, तेवढ्यानं भागत नाही. माणसाला नियम नीट कळतो, इतरांनी तो पाळावा असंही वाटतं; स्वतःपुरता मात्र तो हळूच बाजूला सरकवतो.

"म्हणजे राक्षस नकोच?" मी विचारलं.

"राक्षस कशाला? सवलत पुरते."

गुरुजी, मी खुर्चीतून उठलोच! तुम्ही तर आम्हाला जन्मभर शिकवलंत की पापाचं मूळ अविद्या. कळलं की सुटलं. मी तेच त्यांना ऐकवायला लागलो, आणि बोलता बोलता तुमचं स्वयंपाकघर दिसलं. मी चौदा वर्षांचा आहे. तुम्ही पाटावर बसून डाळिंब्या सोलताय. पाठशाळेच्या रिवाजाप्रमाणे आम्ही एकमेकांचं पाठांतर ऐकतो आणि चुका तुम्हाला येऊन सांगतो. सांगलीच्या स्पर्धेला एकालाच जायचंय, आणि माझ्या जोडीदारानं अख्खा अध्याय बिनचूक म्हटलाय. मी सांगतो, "दोन ठिकाणी अडखळला." तुम्ही, भिंतीपलीकडून सगळं ऐकलेले, मान वर करत नाही. "तुला नीट ऐकू आलं नसेल." "आलं की, गुरुजी," मी म्हणतो, कानाच्या अभिमानानं. तेव्हा तुम्ही डाळिंब्या खाली ठेवता. "तेच म्हणतोय. या शाळेत तुझ्यासारखा कान कुणाला नाही. बहिऱ्याला मी माफ केलं असतं." सांगलीला तो गेला, मी उरलेल्या डाळिंब्या सोलल्या.

पकडलं की नाही तुम्हाला? बहिऱ्याला माफी म्हणजे अज्ञानाला माफी. मग मला मिळाली नाही ती कशाबद्दल? त्या दिवशी तुम्ही अविद्येचा पक्ष सोडून सरळ त्या जर्मनाच्या पंगतीला जाऊन बसलात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात पुन्हा अविद्याच शिकवलीत! हे कळायला मला चाळीस वर्षं लागली. आनंदाच्या भरात मी सगळं बाईंना सांगून टाकलं. "तुमचे गुरुजी आमच्या मंडळात हवे होते," त्या म्हणाल्या. मग तक्त्यावर बोट ठेवून सहज विचारलं, "ते दोन ठिकाणचं अडखळणं कुठल्या रकान्यात, उस्ताद?"

"चौथ्या," मी म्हणालो. आणि मला माझे ते सहा महिने आठवले.

आज सकाळी नवा अहवाल पाठवला: पूर्ण तयार आहेत. मसुद्यात आधी मागचा शेरा "चुकून" दिला असं लिहिलं होतं, तो शब्द पाठवण्यापूर्वी खोडला. बायको म्हणाली, "बरं केलंत. कपाटं आवरायला घेते."

हे पत्र कुठे पाठवणार, ते ठेवतो खणात. फक्त एक सांगायचं राहिलं. अहवाल पाठवण्याआधी मी बाईंच्या आठ महिन्यांच्या सगळ्या फायली पुन्हा चाळल्या, कुठे अडखळल्यात का ते बघायला. कुठेच नाही. गुरुजी, त्याचंच मला वाईट वाटलं.