चार काड्या सांबार

ता. ३ नोव्हेंबर, सोमवार
मी, दौलत सीताराम बोरकुटे, वय वर्षे शहात्तर, शिक्षण इयत्ता चौथी (उत्तीर्ण), धंदा भाजीविक्री, राहणार आदिलाबाद, पूर्ण शुद्धीत लिहितो की, आज आमच्या दुकानी हैदराबादच्या एका कंपनीचा अधिकारी आला. वय तिशीच्या आत. उभ्याने बोलला नाही, बसून बोलला. हे नोंदवणे योग्य.
कंपनीस आमच्यासारखी दुकाने हवी आहेत. मंदीची वर्षे सरली, गिऱ्हाईक पुन्हा पिशवी भरून नेऊ लागले, हे त्यांना तेथे बसून कसे कळले? विचारले. म्हणाला, "डेटा, दादाजी." म्हणजे काय, ते उद्या विचारणे.

ता. ४
फ्रँचायझी म्हणजे जागा आमची, कष्ट आमचे. पाटी, थंड खोली, काटा व नियम त्यांचे. सही न झाल्यास समोरच्या दुकानदारास देणार. मुदत ता. १५.
सूनबाई सौ. सुनंदा हिला हवे आहे. चिरंजीव उटनूरला नोकरीत. दुकान तीच पाहते. म्हणाली, "मामाजी, रोज संध्याकाळी पालक फेकून फेकून जीव उबगला. थंड खोली भेटून राह्यली, तं काऊन नाही म्हनता?"
मी नाही म्हटलेले नाही. दुकान माझ्या नावे आहे, सही माझी लागेल, इतकेच म्हटले.

ता. ७, शुक्र.
आठवडाभर वापरून पाहण्यासाठी काटा आला. वर डोळा बसविलेला. भाजी ठेवताच ओळखतो व पडद्यावर चित्र दाखवतो. वांगे ओळखले. दोडका ओळखला. वालाच्या शेंगांना चवळी समजला. मी दुरुस्त केले.
दुकानात कोणी नसताना स्वतःचा हात ठेवून पाहिला. अद्रकीचे चित्र उमटले. बोटे नीट पाहिली. अगदीच चूक म्हणता येणार नाही.

ता. १०, सोम.
नव्या काट्यावर विक्रीचा पहिला दिवस. सकाळी आलेला व रात्री उरलेला माल त्यावरच तोलायचा, आकडे आपोआप कंपनीस जातात. लक्ष्मी अक्का, तेलुगू बाई, वीस वर्षांचे गिऱ्हाईक. टमाटे घेतले, बिल घेतले, आणि पिशवीचे तोंड उघडे धरून उभी. "कोसरु एदी, ताता?" कोसरु कुठे आजोबा, म्हणून.
कोसरु म्हणजे खरेदीवर घातलेली मूठ: दोन मिरच्या, कढीपत्ता, सांबार (शुद्ध शब्द कोथिंबीर). वडील देत, मी देतो. दिला. तिच्या मागच्या सर्वांना दिला.

ता. ११
सकाळी सौ. सु. च्या फोनवर कंपनीचा निरोप. तिने वाचून दाखवला. सांबार चार जुड्या कमी. कारण: चोरी.
पुन्हा वाचावयास सांगितले. तोच शब्द. छप्पन्न वर्षांच्या धंद्यात हा शब्द या दुकानात कोणी...
अधिकाऱ्यास बोलावले. तो म्हणाला, "दादाजी, सिस्टम में दो ही कारण हैं. सड़ा, या चोरी. फ्री देना मना है." तिसरे कारण का असू नये?  बिचारा स्वतःही विचारात पडलेला दिसला.
सूनबाईस सांगितले, सही होणार नाही. ती संध्याकाळी माझ्यासमोर पालकाची एकेक जुडी गाईपुढे टाकीत बसली. सावकाश.

ता. १२
झोप लागली नाही. पहाटेच काट्यावर सांबाराची एक काडी ठेवली. शून्य. दोन, तीन, चार: शून्य. पाचव्या काडीस आकडा. तीन वेळा करून पाहिले, तोच निकाल. यंत्रास जे दिसतच नाही, ते कमी कसे पडेल?
सौ. सु. दारात उभी होती. "मामाजी, तुमी तं सायंटिस झाले! पन दिवसभराच्या काड्या एका जागी केल्या, तं जुड्या होतीनच ना?"
बरोबर आहे. मला सुचले नव्हते.
म्हणून चोरून नको, लिहून हवे. करारात एक ओळ वाढवावी: 'प्रत्येक गिऱ्हाइकास चार काड्या सांबार कोसरु म्हणून देण्यात येईल.' पाटीवर गिरवावी तशी स्वच्छ लिहिली. ओळ मान्य झाल्यास सही करीन. सौ. सु. ने त्या कागदास हळदीचे बोट लावले.

ता. १५, शनि.
अधिकारी चार वाजता करार घेऊन आला. माझ्या ओळीचा फोटो काढून हैदराबादला पाठवला. वाट पाहणे. समोरचा दुकानदार दोनदा सहज डोकावून गेला.
मधल्या वेळेत अधिकाऱ्याने घरासाठी वांगी घेतली. वजन केले, बिल चुकते केले. काम संपले होते. तरी उभाच. पिशवीचे तोंड उघडे.
भाजी घ्यायला आलेल्या लक्ष्मी अक्काने पदर तोंडाला लावला. "अडुगु, बाबू, अडुगु!" माग की रे, म्हणून.
तो कानापर्यंत लाल. "अम्मा ने बोला था... थोड़ा..."
मी चार काड्या मोजून पिशवीत घातल्या व विचारले, "कारण काय लिहावे? सड़ा की चोरी?"
त्याने पिशवी मिटली. फोनकडे पाहत बसला.
दिवे लागले, हैदराबादचे उत्तर नाही. पेन माझ्या खिशात, टोपण काढलेले. सूनबाईने तिसऱ्यांदा चहा ठेवला आहे.
हे लिहितेवेळी हजर: सौ. सुनंदा, सूनबाई. लक्ष्मी अक्का, गिऱ्हाईक. कंपनीचा अधिकारी, पिशवीसह.