पाणी न मागणारी झाडं

अक्का,

मागच्या आठवड्यात लातूरला तुझ्या घरी जाऊन आले आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. मुदखेडला परतल्यावर नर्सरीत रोपांना पाणी घालताना मी तोंडानं तुझ्याशी भांडत होते. आमचे हे बाहेरून आले आणि म्हणाले, "कुणाशी बोलून राहिलीस गं?" काय सांगू त्यांना? गेलेल्या बहिणीशी भांडते म्हणून सांगू? म्हणून कागदावर लिहायला बसले. इथं तरी तुला मधेच "जाऊ दे गं शैले" म्हणता येणार नाही.

दाजींनी नवीन फ्लॅट घेतला. मी तुला सांगत होते ना, घेतील म्हणून? दिवाळीच्या सुमारास त्यांचा फोन आला. "शैला, गॅलरी मोकळी दिसून राहिली. झाडं पाठव. पण कमी देखभालीची. मी दिवसभर आडतीच्या दुकानात, गौरी क्लासला. पाणी घालायला घरात कुणी न्हाई."

तुझी गौरी अकरावीला आहे अक्का. डॉक्टर व्हायचंय तिला.

मी स्वतः झाडं घेऊन गेले. दोन स्नेक प्लांट, एक जेड, कोरफड, सावलीच्या कोपऱ्याला मनीप्लांट. लावून दिली आणि गौरीला समजावलं, "माती पार वाळली की मगच पाणी घालायचं. बोट खुपसून बघायचं. ओल लागली तर हात लावायचा न्हाई. ही झाडं विसरलीस तर जगतात, लाड केलेस तर मरतात." ती हसली. ओठ मिटून, तुझ्यासारखी.

मागच्या आठवड्यात गेले तर दोन्ही स्नेक प्लांट आडवे पडलेले. पानं बुडाशी पिळपिळीत. कुंडी उलटी केली तर मुळं काळी ठिक्कर आणि सडक्या कांद्यासारखा वास. अशी चूक गिऱ्हाइकं नेहमी करतात, मला त्याचं नवल नाही. पण तुझ्या संसारात तो वास मी दुसऱ्यांदा घेत होते. तशीच खाली बसले.

आठवतो ना तो उन्हाळा? लातूरचे नळ हिवाळ्यातच बंद पडलेले. शेवटी रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली. गल्लीत टँकर आला की बाया घागरी घेऊन पळायच्या आणि तू सगळ्यांच्या पुढं. घरात पाण्याचा कारभार तुझ्या हातात. सासूबाईंच्या लिंगपूजेचा तांब्या वेगळा झाकलेला, दाजींच्या आंघोळीची बादली वेगळी, गौरीच्या शाळेची बाटली भरून ठेवलेली. तुझं भांडं कुठलं होतं अक्का? मी कधी पाहिलं नाही, कारण ते नव्हतंच.

तेव्हा तू फोन केला होतास. "शैले, मोगरा गेला, फर्न गेलं. घर भकास दिसून राहिलं. पाणी न मागणारी झाडं हायत का तुझ्याकडं?"

मी मांडीवर कुंड्या घेऊन एसटीनं आले. निम्मं लातूर त्या वर्षी तीच झाडं मागत होतं. तुला बजावलं, ही झाडं अंगात पाणी साठवून ठेवतात, महिनाभर बघू नकोस त्यांच्याकडं. पुन्हा आले तेव्हा सगळी सडलेली. अख्ख्या लातुरात पाणी नाही आणि तुझी झाडं पाण्यानं मेली!

"पाणी घातलंस का?" मी विचारलं.

"थोडंच. रोज पेलाभर."

"कुठनं आणलंस पेलाभर?"

"माझ्यातलं. मला एवढी तहान लागत न्हाई." आणि वर म्हणालीस, "समोर मुकं बसलेलं असतंय गं. बघवत न्हाई."

तुझे ओठ फुटलेले होते. डोळ्यांखाली काळं आलेलं. मी विचारलं होतं अक्का, स्पष्ट विचारलं होतं, तू पाणी पितेस ना म्हणून. तू म्हणालीस, "पिते की. न पिता माणूस जगतंय का?" माझ्याकडं बघून, हसून, खोटं बोललीस. तो खोटेपणा मी तुला माफ केलेला नाही, हे आज सांगून टाकते.

त्याच दुपारी बाहेरच्या खोलीत दाजी आणि त्यांचे दोस्त गप्पा मारत बसले होते. उदगीर नवा जिल्हा होणार, आपलं जळकोटही त्यात जाणार, ऑफिसं कुठं होतील, जागांचे भाव कसे चढतील. आपल्या माहेराचा जिल्हा बदलायला निघाले होते सगळे. तू आत अंगात कसकस घेऊन त्यांचा चहा उकळत होतीस. मी म्हटलं, बस जरा, मी करते. तर म्हणालीस, "ऊन लागलंय नुसतं." चहा सगळ्यांना पुरला. तू घेतला नाहीस.

दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झालेला. जंतू मूत्रपिंडातनं रक्तात गेले होते. डॉक्टरीणबाई मलाच रागावल्या, इतके दिवस अंगावर कसं काढू दिलं म्हणून. तेव्हा कुठं तू माझा हात धरून खरं बोललीस. "पिलं की जावं लागतंय ना शैले. एकदा गेलं की अर्धी बादली ओतावी लागती."

म्हणजे तू संडासात ओतायचं पाणी वाचवत होतीस. आपल्याच घरात तहानलेली राहत होतीस आणि घरातल्या एकालाही कळू दिलं नाहीस. काय मिळवलंस गं?

तुझ्या मागं भेटायला आलेल्या बाया काय म्हणत होत्या, सांगू? "किती सोशिक होती. कधी कुणाकडं काही मागितलं न्हाई." जी येईल ती हेच म्हणायची. तुझी पोर कोपऱ्यात फ्रॉकमध्ये गुडघे घेऊन बसलेली, एकेक शब्द ऐकत. मला तेव्हाच एकेकीला उठवून दाराबाहेर काढावंसं वाटत होतं. तुझं ते कौतुक ऐकत ती वाढली अक्का.

म्हणून त्या दिवशी ती मेलेली कुंडी हातात धरून मी तिला विचारलं, "पाणी कोण घालतं?"

"मी, मावशी. क्लासवरनं आले की बाटलीतलं उरलेलं ओतते. वाया कशाला घालवायचं?"

"रोज उरतं?"

"हाव."

मी उठून तिची सॅक उघडली. बाटली गळ्यापर्यंत भरलेली. सकाळी सातला भरून नेलेली.

ती खाली मान घालून बोलली. "तिथलं बाथरूम लई घाण हाय. कडी लागत न्हाई. दुपारून नळाला पाणीच नसतं. सगळ्या पोरी तसंच करतात मावशी. कुणीच पीत न्हाई."

"लघवीला जळजळ होती का?"

तिनं हो म्हणून मान हलवली.

मी तिच्यावर ओरडले नाही. दाजी घरी आल्यावर त्यांच्यावर ओरडले. बाटली त्यांच्यापुढं आदळली. ते गोंधळले, म्हणाले, "मला सांगितलंच न्हाई तिनं. तिच्या आईनंबी सांगितलं नव्हतं."

"तुम्ही विचारलं का दाजी? तेव्हा विचारलं? आता विचारलं?"

ते जेवणावर बसले आणि तसेच उठले. मला दया आली नाही. खरं सांगते, आली नाही.

दुसऱ्या दिवशी आधी गौरीला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. सुरुवातच आहे म्हणाल्या, गोळ्यांनी बरं होईल. तिथनं मी तडक क्लासमध्ये गेले. काउंटरवरच्या माणसानं निकालाचं रंगीत पत्रक पुढं केलं. मी म्हटलं, निकाल नंतर बघते, आधी मुलींचं बाथरूम दाखवा. तो म्हणाला, "पालकांना आत सोडत न्हाईत मॅडम. आणि एका पोरीसाठी काय नियम बदलायचा? बाकी कुणाची तक्रार न्हाई."

माझ्या मागनं आवाज आला, "तक्रार करत न्हाईत त्या. मरतात."

दाजी होते. सौदा सोडून आले होते, कपाळावर भस्म, शर्टावर डाळीची धूळ. मी त्यांना इतक्या वर्षांत मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. "माझी बायको अशीच गेली," ते म्हणाले. "पाणी न पिता. माझ्या घरात गेली, मला कळलं न्हाई. आता पोरगी तुमच्या हवाली केली, तर तुम्हालाबी कळत न्हाई?" वर्गातल्या मुली दारात येऊन उभ्या राहिल्या. शिकवणारे सर खडू हातात घेऊन बाहेर आले.

आम्ही हललो नाही. शेवटी मालकाला बोलवावं लागलं. तो आधी समजूत घालायला लागला, पण मुली दारातनं एकेक करून बोलायला लागल्या तसा स्वतःच बाथरूम बघायला गेला. दुपारी टाकीची मोटर लावत नव्हते, एवढंच कारण. एवढंच! संध्याकाळपर्यंत कडी बसली.

दाजींचं ते बोलणं ऐकून माझा राग थोडा उतरला असेल, पण गेला नाही. हेच वाक्य त्या उन्हाळ्यात घरात बोलायला काय झालं होतं त्यांना?

काल संध्याकाळी गौरीचा फोन आला. दुपारी पुन्हा नळ कोरडा होता.

"मग?" मी विचारलं.

"मग मी खाली गेले. मोटर लावा म्हटलं. काउंटरवरचे म्हणाले थांब. मी तिथंच उभी राहिले आणि ओरडले मावशी. लई ओरडले."

"आणि?"

"आणि लावली की."

फोन ठेवल्यावर मी किती वेळ हसत होते, आणि मग कितीतरी वेळ रडत होते, ते तुला कशाला सांगू?

एक मात्र सांगते. यापुढं तुझ्या लेकीसमोर तुला सोशिक म्हणू देणार नाही कुणाला, दाजींनासुद्धा नाही. मी तिला तू जशी होतीस तशी सांगेन. हट्टी, धादांत खोटं बोलणारी, टँकरवर भल्याभल्यांना हटवणारी, आणि स्वतःसाठी एक पेला पाणी मागायची लाज बाळगणारी. हेही सांगेन की एवढी एक गोष्ट आईची घेऊ नकोस, बाकी सगळी घे. हा माझा शब्द आहे.

तुझ्यावर अजून रागावलेली,
तुझीच शैली