कुपूल

तौफिक,

सलाम-दुवा मागाहून, आधी शिव्या ऐक.

तीन वर्षांपूर्वी बायको-लेकीला माझ्या गळ्यात टाकून गेलास, तो ना फोन ना पत्ता. तुझी निलोफर आता तेरा वर्षांची झाली. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर तिने घरं बांधायच्या खेळाचा स्वतःचा सर्व्हर चालू केलाय. त्याचा पत्ता ज्याच्याकडे असेल तो आपल्या घरून तिच्या खेळात शिरतो म्हणे. तुझ्या भावाच्या पोराने, एहसानने, तो पत्ता कुणाकुणाला वाटला, अल्ला जाणे.

महिनाभर कुणी एक 'पाहुणा' रोज येऊन तिच्याबरोबर विटा रचतो. परवा निलू हसत सुटली, "दादी, हा बघ काय लिहितो, दाराला कुपूल लाव!"

माझी तव्यावरची भाकरी करपली. चाळीस वर्षांत तुला कुलूप म्हणता आलं नाही.

लाज नाही वाटत? इथे दापोडीत खऱ्या घराची भिंत फुगलीय आणि तू खोट्या घराला विटा लावतोस! आमचा पत्ता बरोब्बर शोधलास, स्वतःचा सांगताना हात मोडतो? म्हणून हे पत्र पिठाच्या डब्याखालीच राहणार.

निलूला मी काही सांगितलं नाही. ते तुझ्या तोंडून निघू दे. आज तिला म्हटलं, त्या पाहुण्याला लिही, "दादीने कुपूल काढलंय. रविवारी जेवायला या."

"दादी, तुलापण कुलूप म्हणता येत नाही?"

तरी तिने तसंच लिहून पाठवलं. निलू म्हणते, पाहुणा दारातच उभाय, हलत नाही.

राहा उभा, मेल्या. रविवारपर्यंतच.

तुझी अम्मी,
नजमुन्निसा