तुलनेसाठी पुढे केलेला हात

तीर्थस्वरूप वन्संना,

वाकून नमस्कार. (खरंच वाकता येतं, माझं दुखणं बोटांत आहे, कमरेत नाही.) तुमचा खोकला कसा आहे? इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

गेली अकरा वर्षं मला संधिवात आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. ठाऊक नसेल असं मी होऊच दिलेलं नाही. तर आमच्या इस्पितळात आता सांध्यांचं त्रिमितीय चित्र काढणारं यंत्र आलंय. साध्या एक्स-रेत एका हाडामागे दुसरं लपतं. इथे बोट पडद्यावर सगळ्या बाजूंनी फिरवून बघतात आणि हाडाला किती खड्डे पडले, ते घनमिलिमीटरमध्ये मोजून देतात. म्हटलं, एकदाचा आकडा मिळू दे, म्हणजे माझ्या दुखण्यावर कोणी बोलायला नको. (कोणी बोलत नव्हतंच. झाकणं उघडणं, चादरी पिळणं, बादल्या उचलणं सगळं तुमचे बंधुराजच करतात आणि वर तोंडातून ब्र काढत नाहीत. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?)

यंत्रावरच्या बाई म्हणाल्या, तुलनेसाठी त्याच वयाचा एक निरोगी हात हवाय. मी लगेच ह्यांना पुढे ढकललं. चाळीस वर्षं पुस्तकबांधणी केलेला माणूस, हात कसे दणकट! हात नळकांड्यात घालून पाच मिनिटं हलायचं नव्हतं. मी दोनदा हलले. हे घरात कधी जागचे हलत नाहीत असं मी उगाच म्हणत आले, पण तिथे मात्र खरंच हलले नाहीत.

आधी माझं बोट पडद्यावर आलं. लाल रंगात दोन बारीक खड्डे. डॉक्टर म्हणाले, औषधानं छान आटोक्यात आहे. (छान म्हणे! माझ्या अकरा वर्षांवर पाणीच फिरवलं.) मग तो निरोगी हात आला. वन्सं, नऊ खड्डे! माझ्या पाचपट हाड गेलेलं. डॉक्टरांनी नावं दोनदा तपासली, तिसऱ्यांदा मी तपासायला लावली. हे खाली बघत पुटपुटले, "सकाळी जरा आखडतात." कधीपासून? तर सहा वर्षं! सहा वर्षं हा माणूस तसल्या बोटांनी माझ्या बरण्या उघडतोय! असा संताप आला म्हणून सांगू. घरी येईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही, तर मलाच विचारतात, फार दुखतंय का?

डॉक्टर म्हणाले, गेलेलं हाड परत येणार नाही, पण लगेच औषध घेतलं तर उरलेलं वाचेल. ह्यांचं म्हणणं, यंत्र चुकलं असेल. आता रोज सकाळी बादलीवरून आमची ओढाताण चालते.

प्रकृतीला जपा, निदान तुम्ही तरी.

तुमची,
(गेल्या आठवड्यापर्यंत घरातली एकुलती एक रुग्ण) भावजय

ता.क. ह्यांच्या गोळ्यांचं पाकीट आठ दिवस तसंच पडलंय. हे जगात घाबरतात फक्त तुम्हाला. दोन ओळी चांगल्या रागावून लिहा हो. तो लाल रंग आणखी पसरलेला मला बघवणार नाही.

ता.क. २. अक्षर ओळखीचं वाटलं नसेल. आजवरची माझी सगळी पत्रं हेच लिहून द्यायचे, माझी बोटं दुखतात म्हणून. हे पत्र मी स्वतः लिहिलंय, एका बैठकीत. दुखली, नाही असं नाही. पण अकरा वर्षं सांगत आले तितकी नाही. हे त्यांना कळवू नका. नाही, कळवाच.