तीन बोटांची जागा

६ फेब्रुवारी

शहाणीनं आज लेकीला पाडलं नाही, एवढंच! खोगीर दिसल्याबरोबर कान मागे. पोटाखालचा तंग आवळताना चावायला आली. अकरा वर्षांत जिनं माशीलासुद्धा दात दाखवला नाही, ती! लेक वर बसली तर पाठ खाली दाबून, फाटकाखालून सरपटणाऱ्या मांजरासारखी चालली. घोडेस्वारी शिकायला आलेल्या मुलांना लेकीनं दुसऱ्या घोड्यांवर बसवलं.

"आई, हिच्या पाठीत काहीतरी आहे." एवढंच म्हणाली आणि बादली उचलून निघून गेली.

हे गेले आणि मला दोघीच उरल्या, लेक आणि ही घोडी. हिच्या पाठीला काही झालं तर? सकाळपासून पाच वेळा पागेत जाऊन आले. ती खातेय. मी नाही.

८ फेब्रुवारी

खोगिराला तेल लावलं. ह्यांना जाऊन वर्ष झालं त्या दिवशी मीच लेकीला सांगितलं — आता शहाणीवर बाबांचंच खोगीर घालायचं. खुंटीवर टांगलेलं चामडं मरतं. त्याला तीन महिने झाले. तेल लावताना ह्यांच्या मांड्यांनी झिजलेली जागा हाताला लागते. तिथे जरा जास्त वेळ जातो.

लेक हल्ली खोगिराखाली दोन ब्लँकेटं घालते. विचारलं तर म्हणे, "थंडी आहे ना." थंडी कुठे आहे?

१० फेब्रुवारी

लेकीनं हाडवाल्याला आणलं. सगळे त्याला हाडवाला म्हणतात. तो स्वतःला तज्ज्ञ म्हणवतो. स्वच्छ बूट. पागेत इतके स्वच्छ बूट मी कधी बघितले नाहीत.

खोलीतला फोटो बघून म्हणाला, "हा कोण गडी?" म्हटलं, ह्यांचा घोडा, ह्यांच्या एक वर्ष आधी गेला. "काय पाठ आहे! टेबल मांडून जेवावं!" मला बरं वाटलं. त्याची पाठ सगळेच वाखाणायचे.

मग पिंपावर चढला, शहाणीच्या पाठीवर बोटं फिरवली आणि दोन मिनिटांत निकाल. "उजवीकडे दोन मणके सरकलेत." लाकडी ठोकळा ठेवला, वर हातोडी. ठक्! घोडी शहारली. "बसले!" जाताना सांगून गेला, चार दिवस खोगीर घालू नका.

१४ फेब्रुवारी

बरी आहे! मान खाली सोडून चालली. मी उगाच शंका घेत होते.

१६ फेब्रुवारी

काल खोगीर घातलं. आज परत तेच.

१७ फेब्रुवारी

हाडवाला पुन्हा. आता म्हणे डावीकडे तीन.

"गेल्या खेपेला उजवीकडे होते," मी म्हटलं.

"ताई, एक बसवला की दुसरा बोलायला लागतो."

या वेळी शेपूट धरून हिसका दिला. कट्! शहाणीनं मागचा पाय झाडला आणि भिंतीला जाऊन चिकटली. पोटापर्यंत थरथर. मी लेकीकडे बघितलं, तिचे ओठ पांढरे पडलेले. तरी तो म्हणालाच, "आता पुढच्या खेपेला गुंगी देऊन मान आणि कंबर एकदम मोकळी करू. एकदाच काय तो निकाल." पंचवीस तारीख ठरवूनसुद्धा टाकली! लेक काही बोलली नाही. मी पण नाही. का नाही बोलले?

१९ फेब्रुवारी

गप्प बसवत नाही. कपाट उघडलं. चौथीनंतर माझी शाळा सुटली ती कायमची. पुढचं काय ते ह्यांच्या पुस्तकांच्या कपाटानं शिकवलं. घोड्यांच्या दुखण्यांवरचं जाडं पुस्तक काढलं. शब्दकोश शेजारी. एका पानाला अर्धा तास. मणके पाठीत वीतभर आत असतात म्हणे, आणि सांधे असे घट्ट की ठोकळ्यानं मणका जागचा हलणं मुश्कील. मग "बसले" काय बसले?

आणि एक लक्षात आलं. चार दिवस बरी, मग वाईट. पहिल्या खेपेला तसंच झालं. ते चार दिवस तो काय करत होता? काही नाही! ते चार दिवस तिला नुसती विश्रांती होती.

२० फेब्रुवारी

नाल बदलायला नालबंद भावजी आले. ह्यांचे जुने दोस्त. खूर मांडीवर घेऊन वाकलेले असतानाच त्यांना सगळं सांगितलं. तोंडात खिळे, तरी बोलले.

"वहिनी, घोडीला चालवून बघितलं त्यानं?"

"नाही."

"खूर बघितले? दात?"

"नाही."

"मग त्याच्यापेक्षा मी बरा. मी निदान एक टोक तरी बघतो." खिळे काढून ठेवले, मग गंभीर झाले. "गुंगी देऊन मान ओढणार? डॉक्टर नाही तो, वहिनी. घोडी उठली नाही तर कुणाला विचारणार?"

एका डॉक्टरबाईंचं नाव सांगितलं त्यांनी. जनावरांच्या रीतसर डॉक्टर, पाठीचं काम वर आणखी शिकलेल्या.

२१ फेब्रुवारी

हाडवाल्याला फोन केला. प्रश्न कागदावर लिहून ठेवले होते, सात. कुठे शिकलात? डॉक्टर सोबत असतो का? गुंगी कोण देणार? असे. तिसऱ्यालाच चिडला.

"ताई, पुस्तकं वाचून हाडं बसत नाहीत."

"मग कशानं बसतात?"

"हातगुण लागतो!"

"तो पाठीतून निघून जातो का हो चार दिवसांनी?"

त्यानं फोन ठेवला. आतून हलकं वाटलं. डॉक्टरबाईंनाही तेच सात प्रश्न. सगळ्यांची उत्तरं दिली. "घोडी बरी होईल ना?" या सातव्याला म्हणाल्या, "बघितल्याशिवाय कसं सांगू?" कुणीतरी "माहीत नाही" म्हटल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

लेकीला सांगितलं. तिनं नुसतं "बरं" म्हटलं. मला वाटलं होतं, सुटल्यासारखी दिसेल. उलट जास्तच घाबरलेली दिसली.

२४ फेब्रुवारी

डॉक्टरबाई आल्या. बूट आधीच शेणानं माखलेले. तासभर शहाणीला हातसुद्धा लावला नाही. चालवा. वळवा. मागे घ्या. दुडकी चाल धरा. मग खूर, मग दात, मग कुठे पाठ, तीही तळहातानं. मग म्हणाल्या, "खोगीर आणा."

मीच आणलं. चकाकत होतं. ब्लँकेटांशिवाय घालायला लावलं. पुढून पंजा आत सरकवायला गेल्या. बोट गेलं नाही. एक बोट नाही गेलं! खोगीर थेट खांद्यांमधल्या हाडावर टेकलेलं.

"हे हिचं नाही. इथे तीन बोटं आत जायला हवीत."

मी खोलीकडे बोट दाखवलं. फोटोकडे. टेबलासारखी पाठ, त्या पाठीच्या मापाचं खोगीर. आणि आमची शहाणी — शिडशिडीत.

हे प्रत्येक वेळी खोगीर घातलं की पंजा आत सरकवायचे. मी पायरीवर बसून बघायची. वाटायचं, लाड करतायत! ते तीन बोटांची जागा मोजत होते. मी तेल लावलं, बक्कल घासलं, टाके बघितले. तो हात मात्र कधी आत घातला नाही.

"मणके जागेवर आहेत," बाई म्हणाल्या. "सहा आठवडे पाठीवर काही नको. स्नायू मी मोकळे करत जाईन. बहुतेक सावरेल." बहुतेक.

२५ फेब्रुवारी

पागेत गेले नाही. कुठल्या तोंडानं जाऊ?

२७ फेब्रुवारी

आज गेले. लेक शहाणीला खरारा करत होती. म्हटलं, "माझ्यामुळे झालं ग हे."

मान वर केली नाही. "मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, आई. तीन बोटांचं बाबांनी मलाही शिकवलं होतं."

"मग त्या हाडवाल्याला कशाला—"

"वाटलं, त्याच्या हातानं बरी झाली, तर तुला सांगावं नाही लागणार. तू त्या खोगिराला तेल लावताना स्वतःला बघितलंयस कधी?"

परक्या माणसाला मी सात प्रश्न विचारले. माझ्या लेकीला मात्र माझ्याशी एक गोष्ट बोलता आली नाही.

दुसरा खरारा घेतला आणि पलीकडच्या बाजूनं लागले. मध्ये शहाणीची पाठ. हात टेकला तेव्हा थरथरली नाही. लेक थरथरत होती.