तळाला पाणी नाही

६ ऑक्टोबर, सोमवार

काल सड्यावर, वरच्या कातळपठारावर, जे झालं ते. मत न घालता.

१. गाडी दादाची, टर्बो बसवलेली. दादा (सुशांत) चालवत होता. शेजारी प्राजक्तावहिनी, मांडीवर इंजिनला जोडलेला लॅपटॉप. मी रस्त्याच्या कडेला, दादाचा मित्र फैजान याच्याबरोबर. रस्ता त्याच्या मामूच्या खडी-क्रशरचा, खाजगी, म्हणून चाचणीला तिथे.
२. टाकीत आमच्या शेडमधल्या ड्रममधलं इथेनॉल. ते पुरलं नाही म्हणून वर पंपावरचं पेट्रोल.
३. पहिल्या फेरीत काही नाही.
४. दुसऱ्या फेरीत तिसऱ्या गिअरला, पूर्ण थ्रॉटलवर, डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज. मग ताकद गेली.
५. दादाने गाडी आमच्यापाशी आणून थांबवली, बॉनेट उघडलं. इंजिन बंद. टर्बो तापलेला.
६. त्याने इंधनाच्या फिल्टरचा खालचा नट सैल केला. इंधन टर्बोवर सांडलं.
७. पेट घेतला. भर उन्हात इथेनॉलची ज्वाला दिसत नाही. कोणालाच दिसली नाही. दादा ओरडला तेव्हा कळलं.
८. मी पिण्याच्या पाण्याचा कॅन ओतला. वहिनीने आग विझवायची नळकांडी रिकामी केली. दादाचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला.

बाकी उद्या.

७ ऑक्टोबर, मंगळवार

दिवसभर ओरोसला, हॉस्पिटलात. बोटं वाचतील म्हणतात. पूर्वीसारखी वळतील का, ते आत्ता सांगत नाहीत.

दुपारी गेले तेव्हा वहिनी (पुढे नुसतं व.) चमच्याने पेज भरवत होती. दादा कोणाच्या हातून खात नाही. लहानपणी टायफॉइड झाला तेव्हा आईच्याही हातून खाल्लं नव्हतं. आज तोंड उघडत होता. वर म्हणत होता, "मीठ कमी आसा." मी डबा बाकावर ठेवला आणि खाली येऊन चहा घेतला.

पुण्याच्या लॅबमधून फोन. मी सोडलेली इंजिन-टेस्टिंगची जागा पुन्हा रिकामी झाली आहे. २० तारखेपर्यंत कळवा म्हणाले. कळवते म्हटलं.

८ ऑक्टोबर, बुधवार

आता मत.

मी शुक्रवारीच सांगितलं होतं.

हे इंधन व.ने मेमध्ये माहेरून, कोल्हापूरहून आणलं. उरलेलं अख्खा पावसाळा शेडमध्ये, ड्रमचं झाकण सैल. ते दादाने सैल ठेवलं. आमच्याकडे डिझेलचा ड्रम तसाच ठेवतात. बाबांनी आयुष्यभर तोंडवलीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त केली. त्यांचे दोन नियम आम्ही पाढ्यांसारखे शिकलो. ड्रमाला श्वास घेऊ द्यायचा. आणि वापरण्याआधी तळाचा नळ सोडून बघायचा. पाणी जड, ते खाली बसतं. आधी पाणी येतं, मग डिझेल. तेवढं सोडून दिलं की झालं.

इथेनॉलमध्ये पाणी खाली बसत नाही. विरघळतं. छपराचं गळतं पाणी ड्रमच्या डोक्यावर साचून सैल झाकणातून आत गेलं असणार, उरलेलं इथल्या दमट हवेने घातलं. तळाचा नळ सोडला तर जे येईल ते स्वच्छच दिसणार. पेट्रोल ओतलं की मात्र दोन्ही वेगळे होतात.

मी ते काचेच्या बरणीत करून दाखवलं. ड्रममधलं थोडं, वर पेट्रोल. आधी ताकासारखं झालं, मग तळाला थर.

दादा बरणीकडे न बघता ड्रमकडे गेला. नळ सोडून तळहातावर घेतलं. "पाणी खंय आसा? दाखव माका."

व. म्हणाली, "सेन्सर इथेनॉल बरोबर दावतोय की. मी बघतो, तू नको काळजी करू." (ती स्वतःला 'बघतो', 'जातो' म्हणते, तिकडच्या बायका म्हणतात तसं. दादाला त्याचं फार कौतुक.)

मी म्हटलं, पाण्याने सेन्सर फसतो. इथेनॉल आहे त्याहून जास्त दाखवतो.

आई मागच्या दारातून, "गो, तिच्या प्रत्येक कामात तुका खोड कित्याक काढूची आसता?"

दादा हसला. "आमच्याकडे आधी इंजिनियर पेटता, मगे इथेनॉल."

फैजानही हसला. व. हसली नाही, हेही लिहायला हवं.

मी बरणी उचलून बाहेर नेली. जे बोलले असते ते इंधनाबद्दल नसतं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

सोमवारी सहाव्या मुद्द्यात एक वाक्य गाळलं. ते हे.

नट सैल करायला वाकताना दादा म्हणाला, "थांब, गौरी म्हणता ता बघतंय."

बोटीवर ही रोजची गोष्ट. इंजिन तापलेलं असलं तरी फिल्टरखालचा नट फिरवून पाणी आहे का बघतात. डिझेल सांडलं तर सांडलं, एवढ्याने पेटत नाही. त्याचा हात आपोआप तिथे गेला.

मी "दादा, गरम आसा!" ओरडले, तोवर नट फिरला होता. पण त्याच्या आधी, त्याने माझं नाव घेतलं तेव्हा, मला बरं वाटलं. ती लॅपटॉप घेऊन बाजूला उभी होती आणि तो माझं म्हणणं तपासत होता. इतकं बरं की—

आज कॉरिडॉरमध्ये व. म्हणाली, "तू म्हणालीस म्हणून उघडला त्यानं."

"शुक्रवारी ऐकलं असतं तर उघडायची वेळ आली नसती."

"ते बी खरंच."

इतक्या सहज म्हणाली की भांडायला जागा राहिली नाही. मला भांडायचं होतं.

११ ऑक्टोबर, शनिवार

इंजिन उघडलं. मी आणि व., दोघीच. इंजिनचं वरचं हेड काढताना ती बोल्ट ओळीने मांडते, बाहेरून आत, मी मांडते तसंच. हे दादाने शिकवलं असेल किंवा तिला आधीपासून येत असेल. विचारलं नाही.

तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन कडेला वितळलेला. दोघी एकाच वेळी वाकलो, डोकं आपटलं.

तर्क असा. टाकीत तळाला पाणीदार इथेनॉल, वर पेट्रोल. पहिल्या फेरीत पंपाने तळचं ओढलं. सेन्सरने इथेनॉल भरपूर असल्याचं सांगितलं, त्या हिशोबाने ठिणगी लवकर पडू लागली. दुसऱ्या फेरीत जोरात टाकी डचमळली, पंपाला वरचं पेट्रोल मिळालं. ठिणगी मात्र अजून इथेनॉलची. पेट्रोल तेवढी लवकरची ठिणगी सहन करत नाही, आपोआप भडकतं; खड्यांसारखा आवाज तोच.

व.ने ऐकून घेतलं. लॅपटॉप माझ्याकडे वळवला, मी न मागता. आलेखात तेच. म्हणाली, "आमच्याकडं ड्रम चार म्हैने ठेवला तरी काय होत नाही गं. आणि झाकण उघडं हाय हे मला कुणी सांगितलंच नाही."

खरं आहे. मी झाकणाबद्दल दादालाच बोलले होते. तिच्याशी बोलायचं टाळते, त्यात हेही राहिलं.

लग्नाआधी त्या सीटवर मी बसायचे. लॅपटॉप नव्हता. गाडी उभी करून, लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनला टेकवून मी मूठ कानाला लावायचे आणि दादा विचारायचा, "इंजिन काय म्हणता गो?" मी सांगेन तेवढंच तो ठिणगीचं टायमिंग फिरवायचा. रविवारी खडखड मी बाहेरून ऐकली, दोनशे पावलांवरून. आत बसलेल्या दोघांनी ऐकली नाही. दोघं हसत होते, त्याआधी गाडी समोरून गेली तेव्हा काचेतून दिसलं होतं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

दादाला घरी आणलं. हात जाड पट्टीत. फोन व.कडे असतो, ती त्याला मेसेज वाचून दाखवते आणि तो सांगेल ते टाइप करते.

फैजान बांगडे घेऊन आला. "काय रे, हाताची बिर्याणी केलंस?"

"तुझ्या मामूच्या रस्त्याचो गुण."

दोघं हसले. मग फैजानने माझ्याकडे बघितलं आणि बांगडे आत नेऊन दिले.

बाबा खळ्यात, पुढच्या अंगणात, बसून होते. फैजान गेल्यावर म्हणाले, "झाकण उघडा ठेवूक मीच शिकवलंय."

मी म्हटलं, "डिझेलसाठी शिकवलंत. डिझेलसाठी बरोबरच."

"मगे ह्या वेगळा आसा ता त्येका कोणी सांगूचा होता?"

"मी सांगलंय, बाबा."

"कसा सांगलंस?"

चुकीचं काही सांगितलं नव्हतं. कसं सांगितलं, ते त्यांना आईकडून कळलं असणार.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

व. दादाच्या गॅरेजमध्ये आली. शटर अर्धं ओढून आत, म्हणजे बोलायचं ठरवून आलेली. लॅबच्या फोनचं आईने सांगितलं तिला.

"जाऊ नकोस. त्याचा हात बरा व्हायला लई दिवस लागतील. मला इथलं सगळं कळत नाही. तुला कळतं."

मी रॅकवरचे पाने लावत होते.

"मी सांगतो सुशांतला, गौरीला ठेवून घे म्हणून. माझं ऐकतोय तो."

चौदाचा पाना सोळाच्या जागी गेला. काढून परत लावला.

तिने चांगल्या मनाने म्हटलं. शंका नाही. म्हणूनच अवघड आहे. वाईट असती तर सोपं होतं. ज्या गॅरेजचं पत्र्याचं छप्पर मी आणि दादाने मिळून ठोकलं, तिथे मला ती ठेवून घेणार. तिच्या शब्दावर.

"नको सांगू," म्हटलं. "मी विचारते."

"विचार की मग," म्हणाली. जाताना शटर पूर्ण वर केलं.

आठवडाभर विचारलेलं नाही. तो 'जा' म्हणाला तर? किंवा 'प्राजक्ताक इचार' म्हणाला तर? दुसरं जास्त वाईट.

१५ ऑक्टोबर, बुधवार

ड्रममधलं उरलेलं आज शेडबाहेर काढलं. व. आणि मी. तिने झाकण घट्ट फिरवलं, मी वर 'वापरू नये' लिहिलं.

फोनवर मेसेज केला तर आधी ती वाचणार. म्हणून कागदावर लिहिलं. संध्याकाळी व. न्हायला गेली तेव्हा दादाच्या उशीजवळ ठेवलं. तो झोपला होता, किंवा तसं दाखवत होता. लिहिलं ते असं:

दादा,

पुण्याला सोमवारी कळवायचं आहे. मी इथे थांबावं असं तुला वाटतं का? गॅरेजला माणूस हवं म्हणून नाही, ते वहिनी करेल आणि चांगलं करेल. तुला वाटतं का, तेवढंच विचारते आहे.

आईला किंवा वहिनीला विचारून सांगू नकोस. तुला जे वाटतं ते सांग. 'नाही' असेल तरी चालेल, मी व्यवस्थित जाईन.

रविवारी संध्याकाळपर्यंत उत्तर दे.

गौरी